सुतळी, नारळ आणि नाना

फोन उचलल्यावर पलीकडून "घाबरू नका" असं ऐकू आलं, की समजावं, नाना बोलताहेत आणि घाबरायची वेळ आलेली आहे. "हॅलो" म्हणायला नानांना सवड नसते. कोण गेलं, किती वाजता न्यायचं आणि येताना काय घेऊन यायचं, हे ते एका दमात सांगतात. मध्ये हुंदका द्यायला जागाच ठेवत नाहीत.

असा एक नाना, भाऊ किंवा अप्पा प्रत्येक घराण्यात असतो. घराण्यात नसला तर आळीत असतो. आमचे नाना म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांचे चुलतभाऊ. पण नात्याची आडकाठी त्यांनी कामात कधी येऊ दिली नाही. उभी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर गेली. निवृत्तीनंतर तेच टेबल ते समस्त गणगोतासाठी चालवतात. बारसं आलं की आवक, तिरडी उचलली की जावक. त्यातच ऑगस्ट २०२२मध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि पुणे शहरापुरते असलेले नाना एका रात्रीत राज्यस्तरीय झाले.

काकूंचं मत मात्र निराळं. "आमच्या मोरीचा नळ दिवाळीपासून गळतोय," त्या म्हणतात. "पण कुणी गेल्याशिवाय यांना पाना सापडत नाही."

नानांच्या खांद्याला कायम एक खाकी पिशवी असते. तिच्यात पंचांग, कात्री, काडेपेटी, जानव्यांचा जोड, बॅटरी, स्टेपलर, रबरात गुंडाळलेल्या दहा-दहाच्या नोटा आणि सुतळीचं एक भलंमोठं गुंडाळं. लग्नाची पिशवी वेगळी आणि मयताची वेगळी, असा भेद ते करत नाहीत. "नारळ दोन्हीकडे लागतो, सुपारी दोन्हीकडे, गुरुजी दोन्हीकडे. दर्भसुद्धा दोन्हीकडे लागतो. मग पिशव्या दोन कशाला?" या युक्तिवादाला आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

२०२५चा मे महिना हा नानांचा खास महिना. ४ तारखेला, भर रविवारी पहाटे, आत्या गेली. वय झालं होतं, झोपेतच गेली, हाल झाले नाहीत. ही तिन्ही वाक्यं आम्ही पोहोचण्याआधीच नानांनी शेजाऱ्यांना सांगून संपवली होती. आतेभाऊ भिंतीला टेकून दगडासारखा बसला होता. नानांनी त्याच्या हातात डॉक्टरांचा दाखला दिला. "घरी गेलं की चार-अ नंबरचा फॉर्म, दवाखान्यात गेलं की नुसता चार. नोंद एकवीस दिवसांच्या आत. जा, याच्या पाच झेरॉक्स काढून आण." रविवारी पहाटे झेरॉक्सचं दुकान कोण उघडणार? तो बिचारा पेठ पालथी घालून तासाभराने परतला, तो घामाघूम आणि दुकानदारांवर भयंकर चिडलेला. चिडलेला माणूस भिंतीला टेकत नाही. लगेच खांदा द्यायला उभा राहिला. नंतर मी नानांना विचारलं, "नाना, पाच कशाला हव्या होत्या?" ते म्हणाले, "एकसुद्धा नको होती. पण त्याला बसू दिला असता तर उठवायला चौघे लागले असते, आणि माझे चौघे बांबू आणायला गेले होते."

मोबाइल आल्यापासून नानांनी दोन मजकूर कायमचे साठवून ठेवलेत. एक "कळविण्यास अत्यंत दुःख होते की"ने सुरू होतो, दुसरा "कळविण्यास अत्यंत आनंद होतो की"ने. नाव आणि वेळ भरली की झालं. त्या दिवशी घाईत वरचा भाग एका मजकुराचा गेला आणि शेपूट दुसऱ्याचं. आत्या निवर्तल्याची बातमी सगळ्या नातेवाइकांना मिळाली, खाली ठळक अक्षरांत "कृपया आहेर आणू नये." नाना जराही ओशाळले नाहीत. "चूक काय त्यात? आणणार होतास का?"

पुढचे दिवस घर नानांच्या निवाड्यांवर चाललं. गावाहून आंब्यांच्या पेट्या आधीच आल्या होत्या, माळ्यावर आढी लागली होती आणि सुतकात घरभर पायरीचा घमघमाट सुटला. खावा की न खावा? नाना म्हणाले, "आढीतला आंबा सुतक पाळत नाही. कापून खा. रस मात्र काढू नका. रस काढला की सण होतो." मग सगळे गंभीर चेहऱ्याने फोडी खात बसले. तरुण मंडळींना क्रिकेटची चुळबुळ होती, पण ९ तारखेला सीमेवरच्या तणावामुळे आयपीएलच स्थगित झाली. नानांनी त्याची नोंद घेतली. "बघा, त्यांनीही पाळलं."

दहावा आला तो १३ तारखेला. नेमका त्याच दिवशी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल होता आणि आत्याची नात त्यातच बसलेली. सकाळी ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवले. कावळे भरपूर, पण शिवायला एकही तयार नाही. आतेभावाने हात जोडून सांगितलं, वाडीतलं घर विकणार नाही. कावळा ढिम्म. वहिनींनी सांगितलं, सोवळ्यातली भांडी मोडीत देणार नाही. एक कावळा दोन पावलं पुढे आला आणि काहीतरी आठवल्यासारखा परत फिरला. शेवटी नाना पुढे झाले, धोतर सावरत, वसुलीला आल्यासारख्या आवाजात: "वहिनी, नातीचा निकाल आज एक वाजता आहे. तुमच्यापायी इथे खोळंबलो, तर तो बघणार कोण?" बोलणं संपायच्या आत कावळ्याने चोच मारली. नानांनी नातीकडे वळून हात झटकले. "पास."

एक वाजता ती खरोखरच पास झाली, तेही घसघशीत टक्क्यांनी. आता पेढ्यांचं काय? निवाडा आला: "आज साखर. पेढे तेराव्याला, गोडाच्या जेवणात. म्हणजे आत्यालाही पोहोचतील." तेराव्याला पेढे झाले, आणि नानांच्या लेखी परवानगीनेच म्हणा ना, रसही निघाला. पंगतीत वहिनींनी आत्याच्या आवाजात "अरे, साली चोखल्याशिवाय टाकू नका" असं म्हटलं आणि घरात पहिल्यांदा सगळे मोठ्याने हसले. हसता हसता आतेभाऊ रडू लागला. नानांनी त्याला झेरॉक्सला पाठवलं नाही. वाटीत आणखी रस ओतला.

१७ तारखेला आयपीएल पुन्हा सुरू झाली. आमच्याकडे तो चौदावा होता. नानांना हा योगायोग वाटला नाही.

महिनाअखेरीस माझ्या मेहुण्याच्या मुलाची मुंज होती, चिपळूणजवळच्या खेड्यात. नानांचा त्या कुटुंबाशी काडीचा संबंध नाही. मी पाहुणा म्हणून पोहोचलो, तर नाना मांडवात उभे राहून केळीचे खांब कुठे बांधायचे ते सांगत होते. स्वारगेटहून आदल्या रात्रीच्या गाडीने आले होते. पाऊसही असाच न बोलावता येऊन बसला होता. मान्सून २५ मेलाच कोकणात उतरला. दुसऱ्या दिवशी मुंबईत, जिथे तो एरवी ११ जूनला पोहोचतो. भटजी "सावधान" म्हणतात न म्हणतात तोच मांडवाची ताडपत्री पाण्याच्या भाराने पोटाशी लोंबू लागली. नेमकी बटूच्या तुळतुळीत डोक्यावर.

"सरका!" नाना ओरडले आणि खाकी पिशवीत हात घातला. सुतळीचं गुंडाळं निघालं. वयाचा विचार न करता स्टुलावर चढून त्यांनी चार गाठी अशा मारल्या, की ताडपत्री वर गेली आणि साठलेलं सगळं पाणी मागच्या रांगेतल्या व्याह्यांवर पडलं. मंगलाष्टक एका अक्षराने चुकलं नाही. मी खालून स्टूल धरलं होतं. ते गुंडाळं मला ओळखीचं वाटलं.

"नाना, ही सुतळी... आत्याच्या वेळची?"

"हळू बोल," नाना दात न उघडता म्हणाले. "चांगली आहे म्हणून तर उरली."

जून आला आणि नाना सुकले. गुरूचा अस्त, म्हणजे लग्नं नाहीत. आजारी कुणी नाही. मेमध्ये मोरीत घसरून खुबा मोडून घेतलेली मावशीसुद्धा काठी घेऊन चालू लागली. नाना रोज संध्याकाळी फोन करू लागले. "सगळे बरे ना?" आम्ही "हो" म्हटलं की "असं का" म्हणून फोन ठेवत. तिसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "काहीतरी काम द्या हो यांना. सकाळपासून माझी नाडी बघताहेत."

सुदैवाने नातीचा अकरावीचा प्रवेश होता. त्या वर्षी पहिल्यांदाच तो साऱ्या राज्यात ऑनलाइन, दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतिक्रम भरायचे, याद्या आणि फेऱ्या. ऐकूनच नाना ताठ बसले. रात्री साडेदहाला त्यांच्या वळणदार अक्षरातली यादी मोबाइलवर आली: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, प्रत्येकी पाच झेरॉक्स, सुतळी.

"नाना, सगळं ऑनलाइन आहे. सुतळी कशाला?"

"तू अजून लहान आहेस," नाना म्हणाले. "सुतळी नव्हती म्हणून अडलेली कामं मी पाहिलीत."