हाफ तिकीट आणि पूर्ण मामा

इंग्लंडमधील फुटबॉल हा एकेकाळी गिरण्या, गोद्या आणि कारखाने यांतील कामगारांचा शनिवारी दुपारचा स्वस्त विरंगुळा होता, आणि प्रेक्षकांची पुढची पिढी तयार करण्याची त्याची पद्धतही फार खर्चिक नव्हती. बाप पोराला घेऊन मैदानावर येई, टर्नस्टाइलपाशी, म्हणजे एकावेळी एकच माणूस आत सोडणाऱ्या फिरत्या लोखंडी दांड्यापाशी, त्याला बखोटीला धरून उचली व पलीकडे सोडी, आणि फाटकावरचा माणूस तेवढ्यापुरता दुसरीकडे पाही. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर तर ‘बॉईज पेन’ या नावाने पोरांसाठी वेगळा कोंडवाडाच होता. आज मुलांना प्रीमियर लीगच्या सामन्याला नेणे ही घरगुती अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष मागणारी बाब झाली असून, तिचा प्रत्यक्ष अभ्यास करण्याची संधी कोल्हापूरहून लंडनला बहिणीकडे गेलेल्या एका मामाला, म्हणजे प्रस्तुत प्रवाशाला, न मागता मिळाली.

हा प्रवासी फुटबॉलच्या बाबतीत अडाणी नव्हता. त्याची अडचण घमेंडीची होती. कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यांभोवती वाढलेल्या मंडळांचे, फुटबॉल संघ आहेत, आणि पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांपैकी कोणते नाव आधी उच्चारले यावरून तिथे माणसाची पेठ, मित्रमंडळ व हाडवैरी एकदम ठरतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर नाममात्र तिकिटात पोराबाळांसह अख्खी पेठ येऊन बसते. अशा शहरातून आलेल्या, पन्नाशी गाठलेल्या, डोक्यावर केस न उरलेल्या या गृहस्थाने लंडनच्या फुटबॉलकडे ‘बघू तर काय दिवे लावतात’ याच नजरेने पाहिले. टॉवर ब्रिज, बिग बेन आणि थेम्स नदी ही स्थळे आदल्या दिवशी पाहून झाली होती. तिन्ही जागच्या जागी होती.

सामना पाहण्याची कल्पना भाच्यांची होती, त्यांतला थोरला पंधरा वर्षांचा आणि धाकटा नऊ वर्षांचा. पैसे मामाने द्यावेत ही कल्पना मात्र कोणाचीच नव्हती, ती परंपरा होती. मोठ्या क्लबांची तिकिटे सहसा थेट विकत मिळत नाहीत. आधी वार्षिक शुल्क भरून सभासद व्हावे लागते, आणि सभासदत्व म्हणजे तिकीट नव्हे, तर तिकिटासाठी ताटकळण्याचा अधिकार, जो नऊ वर्षांच्या मुलालाही वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. मैदानाबाहेर कोणाकडून ‘ब्लॅक’मध्ये घ्यावे तर फुटबॉलचे तिकीट परवानगीवाचून विकणे हा तिथे १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. प्रत्येक आकडा रुपयांत करून मोठ्याने सांगण्यास बहिणीने विमानतळावरच बंदी घातल्यामुळे प्रवाशाने हा गुणाकार मनातल्या मनात चालू ठेवला, आणि त्याचा चेहरा पाहून तो सर्वांना ऐकू येत राहिला.

महाराष्ट्रात हाफ तिकीट ही एसटीने रुजवलेली संस्था आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे भाडे असल्यामुळे कंडक्टर जवळ येताच चौदा वर्षांचे पोर आकसून बारावर येई, आणि आई ‘अंगानं थोराड आहे एवढंच’ असा खुलासा कोणी न विचारता करी. इंग्लंडच्या क्लबांतही ‘ज्युनियर’ नावाची अशी सवलत असते. परंतु ती क्लबच्या मर्जीवर असते, आणि मर्जी कशी फिरते याचा नमुना मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवला. हंगाम निम्म्यावरही आलेला नसताना घरच्या मैदानावरील उरलेल्या सामन्यांसाठी सभासदांना मिळणारी तिकिटे सरसकट ६६ पौंडांना करण्यात आली, आणि मुले व वृद्ध यांची सवलत त्यांतून काढून टाकण्यात आली. लंडनची भुयारी रेल्वे अकरा वर्षांखालील मुलाला मोठ्या माणसाबरोबर फुकट नेते, हे इथे नमूद करणे आवश्यक आहे, कारण त्या दिवशी फुकट झालेली ती एकमेव गोष्ट होती.

घरी बसून सामना पाहावा हा पर्यायही नव्हता. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करायचे नाही, असा तिथे जुना दंडक आहे. घरबसल्या सामना दिसला तर छोट्या क्लबांची मैदाने ओस पडतील, ही त्यामागील भीती. त्यामुळे तीन वाजता सुरू होणारा जो सामना कोल्हापुरात रात्री साडेआठला ताटावर बसून दिसू शकतो, तो मैदानापासून चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला दिसत नाही. प्रस्तुत प्रवासी, असे म्हणता येईल, जो सामना घरी पाहता आला असता तोच पाहण्यासाठी सात समुद्र ओलांडून आला होता.

प्रत्यक्ष संकट टर्नस्टाइलवर ओढवले. तिकिटे कागदी नव्हती. तिन्ही एकाच मोबाइलमध्ये होती, आणि मोबाइल थोरल्याच्या हाती होता. त्याने धाकट्याला पुढे घातले, मोबाइल यंत्रासमोर धरला, हिरवा दिवा लागला, दांडा फिरला आणि धाकटा आत गेला. मोबाइलमधील पहिले तिकीट प्रौढाचे होते. त्यानंतर मामा पुढे सरसावला, तेव्हा यंत्राने वेगळ्या रंगाचा दिवा लावला. सवलतीच्या तिकिटावर कोणी थोर मनुष्य घुसू नये म्हणून केलेली ही खूण असते. फाटकावरच्या स्ट्युअर्डने, म्हणजे गर्दीवर देखरेख करणाऱ्या पिवळ्या जाकिटातील म्हाताऱ्या कर्मचाऱ्याने, आधी दिव्याकडे पाहिले, मग मामाच्या टकलाकडे पाहिले, आणि खात्रीसाठी पुन्हा दिव्याकडे पाहिले.

कागदोपत्री परिस्थिती आता अशी झाली होती की, नऊ वर्षे वयाचे एक प्रौढ गृहस्थ रीतसर आत गेले होते आणि त्यांच्या जबाबदारीवर आलेली दोन अल्पवयीन मुले बाहेर राहिली होती, त्यांतील एकाला मिसरूड फुटत होते आणि दुसऱ्याला रक्तदाबाची गोळी चालू होती. एकदा आत गेलेला प्रेक्षक बाहेर पडला तर त्याच तिकिटावर परत येऊ शकत नाही; ज्युनियर तिकिटावर मोठ्याला प्रवेश नाही; आणि लहान मुलाला एकटे सोडता येत नाही. हे तिन्ही नियम सुटे सुटे घेतले तर शहाणपणाचे होते.

“मामा, येतोयस ना?” आतून आवाज आला. खाण्याची पिशवी धाकट्याकडे होती. ए-फोर कागदाहून मोठी पिशवी आत नेता येत नसल्यामुळे ती लहानच घेतली होती, आणि भरलेली बंद बाटली मैदानात भिरकावता येते या कारणाने पाण्याच्या बाटलीचे टोपण तपासणीत काढून घेतले होते. टोपण नसलेली बाटली आडवी झाली, तिने डब्यातील शेंगदाण्याच्या लाडवांचा काला केला, आणि तो काला धाकटा बोटांनी खात उभा असलेला फटीतून दिसत होता.

तिकीट खिडकी मैदानाच्या विरुद्ध अंगाला होती आणि तिच्यापुढे रांग होती. खिडकीतील बाई अत्यंत गोड बोलत होत्या. आत गेलेला प्रौढ खरोखर प्रौढ होता की नाही हे ठरवणे त्यांच्या कक्षेत येत नव्हते; प्रौढाचे तिकीट वापरले गेले होते, वापरलेले तिकीट परत होत नव्हते, आणि उरलेल्या ज्युनियर तिकिटांपैकी एकाचे ‘अपग्रेड’, म्हणजे मोठ्या माणसाच्या दराइतका फरक भरून केलेली बढती, हाच एक उपाय होता. मँचेस्टर युनायटेडने जे धोरण म्हणून जाहीर केले, ते इथे थोरल्याच्या अंगठ्याने पार पाडले होते. कार्ड यंत्राला लावले जात असताना थोरल्याचे कान लाल झाले आणि तो खाली पाहत म्हणाला, “मामा, माझ्या पॉकेटमनीतून घे ना.” त्यावर प्रवाशाने “गप. भाच्याकडनं पैसे घ्यायला कोल्हापूर बुडालं नाही अजून,” असे म्हटले आणि त्या दिवसातील एकमेव गुणाकार करायचा सोडला.

तिघे पुन्हा एकत्र आले तेव्हा सामन्याची वीस-बावीस मिनिटे होऊन गेली होती, आणि म्हातारा स्ट्युअर्ड टर्नस्टाइलच्या आतल्या बाजूला, आपली जागा दुसऱ्याला देऊन, धाकट्याशेजारी उभा होता. याच मैदानावर त्याच्या बापाने त्याला दांड्यावरून उचलून आत टाकले होते, हे त्याचे तोवर धाकट्याला सांगून झाले होते. त्याला दोन नाती होत्या. त्यांना आणणे परवडत नव्हते. तो स्वतः दर सामन्याला हजर असे, पण स्ट्युअर्डने तोंड गर्दीकडे आणि पाठ मैदानाकडे ठेवायची असते. थोरल्याने हे सारे मामाला मराठीत समजावून दिले, तेव्हा मामाकडे उत्तर म्हणून द्यायला लाडूसुद्धा उरला नव्हता.

ही महागाई अटळ आहे, असे क्लबांकडून भासवले जाते, ते खरे मानण्याचे कारण नाही. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, तिच्यात अखेरीस ९७ जीव गेले; त्यानंतर उभ्याने पाहण्याच्या जागा काढून सर्वांना आसने द्यावीत, अशी शिफारस करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालात ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला आहे, जिथे आसनाचे तिकीट ६ पौंड होते; उभे राहणाऱ्याच्या खिशाला झेपेल असाच आसनाचा दर ठेवता येतो, हे दाखवण्यासाठी तो दिला होता. क्लबांनी अहवालातील आसने घेतली आणि दर तेवढा वाचायचा राहिला. उलट, प्रेक्षकांनी नेट लावला तिथे आकडे खालीही आले आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचे तिकीट योजले, तेव्हा संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून चालते झाले. संघ २-० ने पुढे होता, तो सामना २-२ असा सुटला, आणि मालकांनी काही दिवसांतच माघार घेतली. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना ३० पौंडांहून महाग तिकीट विकायचे नाही, ही मर्यादाही २०१६-१७ च्या हंगामापासून सर्व प्रीमियर लीग क्लब पाळत आले आहेत. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अमाप पैसा मिळवणाऱ्या या धंद्याला मुलाच्या अर्ध्या तिकिटाने भिकेला लागण्याची भीती वाटावी, हा शुद्ध कोडगेपणा आहे. विशेषतः खेळाडूंचा हात धरून मैदानात उतरणारी गोंडस मुले प्रक्षेपणात दाखवायला हवी असतात तेव्हा, आणि त्या हात धरण्याचेही काही क्लब शेकड्यांनी पौंड घेतात तेव्हा.

सामना बरोबरीत सुटला. खेळ पाटाकडीलपेक्षा बरा होता, एवढे प्रवाशाने मान्य केले, पण भाच्यांदेखत नव्हे.

भाचे घेऊन इंग्लंडमध्ये फुटबॉल पाहू इच्छिणाऱ्या मामांनी महिलांच्या सुपर लीगचे किंवा खालच्या श्रेणीतील क्लबांचे सामने निवडावेत. तिथे मुलांची तिकिटे पुष्कळच स्वस्त असतात आणि खेळाडू जवळून दिसतात. तरीही प्रीमियर लीगच पाहायची असेल, तर टर्नस्टाइलपाशी मोबाइल स्वतःच्या हातात ठेवावा आणि प्रौढाने आधी आत जावे.