उठलात का?

प्रत्येक सोसायटीत एक खगोलकाका असतो. तुमच्या सोसायटीत नसेल तर तुम्ही सुखाने झोपता, एवढाच त्याचा अर्थ. बँकेतून निवृत्त, डोक्याला मे महिन्यातही कानटोपी, गळ्यात दहा बाय पन्नासची दुर्बीण आणि हातात पतंगाचा लाल कागद गुंडाळलेली बॅटरी. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. पांढरा उजेड पडला की ती सगळी कमाई क्षणात जाते, लाल उजेडात बरीचशी टिकते. हे झालं शास्त्र. चार वाजता जिन्यातून एकटाच लाल उजेड वर चाललेला पाहून तळमजल्यावरच्या आजी रामरक्षा सुरू करतात, हा झाला अनुभव.

साडेचार वाजताची वेळ तुम्हाआम्हाला रात्रीची वाटते. काकांच्या मते तोवर फार उशीर झालेला असतो. "मृग पार डोक्यावर आला, आणि तुम्ही अजून अंथरुणात?" हे ते फोनवर विचारतात. होय, फोनवर. काकांना ग्रहतारे आवडतातच, पण त्याहून आवडतं ते दुसऱ्याला उठवून दाखवणं. तरुणपणी ते पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जायचे. ही संस्था 1944 सालची, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली जुनी जागा. मुंबईकरांबरोबर वांगणीला रात्ररात्र जागूनही झालं. पण तिथे त्यांचं मन पुरतं रमलं नाही. कारण उघड आहे: तिथे सगळे आधीच जागे असतात.

आकाशातलं अंतर मोजायला काकांना यंत्र लागत नाही. हात ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण 10 अंश, करंगळी म्हणजे 1 अंश. त्यामुळे पहाटे गच्चीवरून बी विंगकडे मूठ रोखून उभे असलेले काका भांडायला आलेले नसतात, बुध शोधत असतात. बुध सूर्यापासून फार तर 28 अंश लांब जातो, म्हणजे तीन मुठीसुद्धा नाहीत. त्यातल्या दोन मुठी बी विंगने खाल्ल्या आहेत. उरलेल्या मुठीत बुध येईपर्यंत उजाडतं. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी "रोज पहाटे धमकावले जाते" असा लेखी अर्ज कमिटीकडे दिलेला आहे. काकांचाही एक अर्ज तिथेच पडून आहे, गच्चीवरचा हॅलोजन चार ते सहा बंद ठेवण्याबद्दल.

काकांच्या शिकवण्यातलं मुख्य सूत्र ऐकून नवखा माणूस हबकतो. अंधुक वस्तू बघायची असेल तर तिच्याकडे थेट बघायचं नाही, किंचित बाजूला नजर ठेवायची; डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा कडेच्या भागाला मंद उजेड जास्त कळतो. हे खरं आहे. पण झोपेतून उठवून आणलेल्या माणसाला "तिकडे बघा, पण तिकडे बघू नका" असं सांगितलं की तो काकूंकडे बघतो. काकू चहाचा थर्मास घेऊन उभ्या असतात आणि डोळ्यांनीच सांगतात: हो म्हणा.

मग तो प्रश्न येतो. "दिसलं का?" या प्रश्नाला आजवर आमच्या सोसायटीत कुणी नाही म्हटलेलं नाही. काका पक्के, ते पुढे विचारतात, "कसं दिसलं?" इथे अनुभवी माणूस "धुरकट" म्हणतो. धूमकेतू असो, देवयानी दीर्घिका असो की पुष्यातला तारकागुच्छ, धुरकट हे उत्तर चुकत नाही. शार्ल मेसिए हा फ्रेंच माणूस धूमकेतू शोधायला बसायचा आणि असल्या धुरकट ठिपक्यांनी फसायचा. वैतागून त्याने धूमकेतू नसलेल्या गोष्टींची यादी केली. त्याचे धूमकेतू लोक विसरले, यादी राहिली. पुष्याचा गुच्छ त्यात 44 वा, कृत्तिका 45 व्या. काकांचीही अशी यादी आहे: विमानाचा धूर, मोबाइल टॉवरचा दिवा, स्टारलिंकची माळ आणि एकदा सेक्रेटरींची सिगारेट.

शेजाऱ्यांना मात्र काकांकडून वेगळंच हवं असतं. "शनी वक्री झालाय म्हणे, आमच्या मुलाचं काय?" काका सांगतात की शनी कुठेही मागे फिरत नाही, पृथ्वी आतल्या कक्षेतून त्याला मागे टाकते म्हणून तो तसा भासतो. समोरचा शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, "म्हणजे साडेसाती संपली?" एवढं होऊनही काकांनी 2025 च्या उन्हाळ्यात साऱ्या इमारतीला शनीची कडी बघायला बोलावलं. त्याच मार्चमध्ये पृथ्वी त्या कड्यांच्या पातळीतून गेली होती. साधारण पंधरा वर्षांनी हे घडतं, आणि त्या सुमारास कडी निव्वळ रेघ होऊन बसतात. "कुठंय कडं?" असं एका लहान मुलीने विचारलं. काका म्हणाले, "दुर्मीळ प्रसंग आहे, कडं नसलेला शनी बघतेयस तू!"

महाराष्ट्राचा पावसाळा आकाशातल्या मंडळींना ठाऊक नाही, ही काकांची जुनी तक्रार. निओवाइज धूमकेतू आला तो जुलै 2020 मध्ये. शुक्र आणि गुरू पहाटे करंगळीभर अंतरावर आले ते 12 ऑगस्ट 2025 ला. दोन्ही वेळी काका छत्री घेऊन गच्चीवर. "फट पडेल," म्हणत.

पण खरा घाव घातला तो त्सुचिनशान-अ‍ॅटलासने. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस हा धूमकेतू सूर्योदयापूर्वी पूर्वेला, अगदी क्षितिजालगत होता. काकांनी तीन मजले उठवले, टाकीच्या शिडीवर चढवले. सगळ्यांना धुरकट दिसला. आणि मग ऑक्टोबरच्या मध्याला तोच धूमकेतू पश्चिमेला आला, सूर्यास्तानंतर, शुक्राच्या शेजारच्या आकाशात. माणसं भाजी घेऊन येताना बघू लागली. काकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. "संध्याकाळी काय, कुणीही बघतं."

तेव्हा तुमच्या काकांचा फोन आला तर एकदा तरी उचला आणि वर जा. पहाटेचा शुक्र पूर्वेला असेल तर तो दुर्बिणीवाचून, शिडीवाचून, चष्मा विसरलात तरी दिसतो आणि एवढ्यासाठी तरी उठावं असा असतो. फक्त कृत्तिका किती दिसतात असं विचारलं तर सहा सांगा. सात म्हणालात तर उद्याही फोन येईल.