मास्टर चावीच्या कुलूपरावांना अनावृत पत्र

श्रीमान लाल हिऱ्याच्या खुणेचे कुलूपराव यांच्या सेवेशी,

सा. न. वि. वि.

अमेरिकेतल्या विमानप्रवासात पिस्तुलाच्या पेटीवर विराजमान होण्याची कृपा केलीत, आभारी आहोत. सुतळीएवढी आपली कडी पाहून ऊर भरून येतो.

2003 पासून आपले घराणे सुटकेसांची राखण करते आहे. तपासनिसांकडे आपली मास्टर चावी असते, त्यामुळे झडतीसाठी कुलूप तोडावे लागत नाही. कपड्यांच्या बॅगेला हे ठीकच. शस्त्राचा कायदा मात्र निराळा आहे, महाराज. संघीय नियम 1540.111 म्हणतो: पिस्तूल रिकामे हवे, पेटी टणक हवी, तिला कुलूप हवे आणि चावी किंवा आकडे फक्त प्रवाशापाशी हवेत. फक्त प्रवाशापाशी! आपल्या औदार्याला ही अट कशी पेलणार?

त्या औदार्याची कीर्ती तर दिगंत. 2014 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने आपल्या मास्टर चाव्यांचा फोटो छापला आणि 2015 मध्ये सात चाव्यांचे आराखडे इंटरनेटवर आले. ज्याच्या घरी थ्रीडी प्रिंटर, त्याच्या हाती आपली चावी. एवढा लोकसंग्रह कोणाला जमला आहे?

शिवाय आपण एकटेच येता, ही केवढी काटकसर! पेटीला कुलपासाठी सहसा दोन भोके असतात. दुसरे मोकळे राहिले की तो कोपरा उचकटून आत हात घालता येतो. चोरांच्या वतीनेही धन्यवाद.

चोरीला गेलेला शर्ट कोणीतरी अंगात घालतो. चोरीला गेलेले पिस्तूल कोणावर तरी रोखले जाते, साहेब. एवढ्यासाठीच हे पत्र.

पेटीवर आपणच हवेत, असे सांगून आपल्याला खपवणाऱ्या दुकानदारांनाही साष्टांग नमस्कार. विमानतळांवर झडती घेणारी अमेरिकेची सुरक्षा संस्था, खुद्द टीएसए, म्हणते की कोणत्याही बनावटीचे कुलूप चालेल.

तेव्हा आपण कपड्यांच्या बॅगेवर परत जावे, ही कळकळीची विनंती. पेटीवर आम्ही कडक पोलादाची दोन कुलुपे लावू. कडी आखूड आणि भोक भरेल इतकी जाड, म्हणजे कटरला शिरायला फट उरणार नाही. काउंटरवर शस्त्र जाहीर करू, तपासणी आटोपेपर्यंत जवळपासच थांबू. अधिकाऱ्यांनी बोलावले, तर येऊन उघडून देऊ. चावी आमच्याच खिशात असेल.

आपला नम्र,
एक प्रवासी