दोन धुकी, एक भिंत

२०२२ साठी अमेरिकेतल्या दोन बड्या रंग कंपन्यांनी आपापला ‘वर्षाचा रंग’ जाहीर केला: शेर्विन-विल्यम्सचा ‘एव्हरग्रीन फॉग’ आणि बेंजामिन मूरचा ‘ऑक्टोबर मिस्ट’. दोन्ही राखाडीकडे झुकलेले हिरवे, दोन्ही धुक्यातून आलेले. सूर्य बहुधा रजेवर असावा. आता या दोघांत डावं-उजवं करताना घरोघरी खल चालतो. कोणी म्हणेल, फरक खराच आहे: पहिला पडलेल्या उजेडापैकी सुमारे ३० टक्के परतवतो, दुसरा ४६च्या वर. मान्य, शेजारी-शेजारी ठेवले तर पहिला गडद दिसणारच. पण भिंतीला लागतो एकच, आणि लागल्यावर त्याच्यावर हुकूम चालतो खिडकीचा, डब्यावरच्या नावाचा नव्हे. अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या खोलीतल्या निळसर उजेडात तो करडा वाटतो; संध्याकाळी २७०० केल्विनचा पिवळा दिवा लावला की तोच शेवाळी. ‘मग नमुना लावून बघा ना!’ जरूर. फक्त पांढऱ्याशुभ्र भिंतीवर वीतभर फासलेला कुठलाही मंद हिरवा मळकटच दिसतो. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो दिवसभर खोलीत फिरवला तर निकाल लागतो. पण मग वादाला विषयच उरत नाही, ही खरी अडचण.