नळाची तोटी कोणाची?

गोंदियातला कुडवा नाका मागे पडला की थोड्याच वेळात नगरपरिषद संपते आणि जिल्हा परिषद सुरू होते. नेमकी कुठे, ते ऑटोवाल्याला विचारू नका; त्याला भाडं कळतं, हद्द कळत नाही. 2011च्या जनगणनेने कुडव्याला शहरांच्या यादीत बसवलं, कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहिला. त्यामुळे प्लॉटच्या जाहिरातीत शहर आणि घरपट्टीच्या पावतीवर गाव, अशी त्याची दुहेरी सोय आहे. हद्दीच्या अलीकडची सरकारी शाळा नगरपालिकेची, पलीकडची जिल्हा परिषदेची. पाढे दोन्हीकडे तेच. धनी वेगळे.

आता समजा, पलीकडच्या एखाद्या शाळेत नळाची तोटी तुटली. दोनशे रुपयांचं काम, प्लंबर हाकेच्या अंतरावर. पण शाळा सरकारी, म्हणून आधी तोटी कोणाची ते ठरवावं लागतं. इमारत जिल्हा परिषदेची. पाणी ग्रामपंचायतीचं. गुरुजींचा पगार राज्य सरकारचा. देखभालीचा पैसा समग्र शिक्षा योजनेचा, त्यात शंभरातले साठ दिल्लीचे, चाळीस मुंबईचे. आणि या सगळ्यावर कायद्याने देखरेख कोणाची? पोराच्या आईबापांची.

हा विनोद नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं एकविसावं कलम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात. समितीने शाळेवर नजर ठेवायची, अनुदान कसं वापरलं ते पाहायचं, शाळा विकास आराखडा करायचा. वाचताना छाती फुगते. फक्त सभा जुलैत लागली तर पालक रोवणीला बांधीत असतात आणि नोव्हेंबरात लागली तर धानाच्या कापणीला. मग रजिस्टरच घरोघरी फिरतं. "सही करून द्या ना जी, अध्यक्षभाऊ." "कायची आहे गुरुजी?" "मागच्या मिटिंगची." लोकशाही अशी शेताच्या धुऱ्यापर्यंत पोचली आहे.

समितीला अधिकार दिले, तसं खातंही दिलं. 2021पासून केंद्राच्या नव्या पद्धतीत हे खातं झिरो बॅलन्स असतं. अर्थ असा की खात्यात पैसा कधी नसतोच, वरून खर्चाची मर्यादा येते. ही मर्यादा पुष्कळदा मार्च लागल्यावर येते आणि 31 तारखेला परत जाते. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सरकारी शाळांत खरेदीचा असा सुकाळ होतो की लग्नघर मागे पडावं. जूनमध्ये लागणारा खडू मार्चमध्ये येतो. तोटीही तेव्हाच येते, पण तोवर पोरांनी हापशीवर ओंजळ धरायची सवय लावून घेतलेली असते.

किती पैसे? पट 30पर्यंत असेल तर वर्षाला 10 हजार, 100पर्यंत 25 हजार, 250पर्यंत 50 हजार. पंचवीस हजारवाली शाळा घेऊ. दिवसाला 68 रुपये. त्यात विजेचं बिल, फळा, झाडू, रंग, दुरुस्ती, आणि किमान एक दशांश स्वच्छतेवर. एवढ्यात चार माणसांचा चहा होतो, तोही बिस्किटाशिवाय. वीजबिल थकलं की कनेक्शन तुटतं आणि डिजिटल वर्गाचा स्मार्ट टीव्ही भिंतीवर आरशाचं काम करतो.

पण सरकार कंजूष आहे असं कोणी म्हणू नये. 2024च्या जानेवारीत 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' स्पर्धा आली, राज्यातलं पहिलं बक्षीस 51 लाख! म्हणजे शाळा आधीच सुंदर असेल तर 51 लाख आणि सुंदर करायची असेल तर दिवसाला 68 रुपये. हे गणित कुठल्या इयत्तेच्या पुस्तकात आहे, कळवावे.

आता वरच्या जिन्याकडे बघू. मुख्याध्यापकावर केंद्रप्रमुख, त्यावर विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी. ही झाली नोकरशाही. शेजारचा जिना लोकप्रतिनिधींचा: आठ पंचायत समित्या, जिल्हा परिषदेचे 53 सदस्य, शिक्षण समिती, तिचे सभापती. दोन्ही जिने एकाच अंगणात उतरतात आणि दोन्हींवरून फक्त माहिती वर चढते. पट कळवा, आधार कळवा, शौचालयाचा फोटो कळवा, झाडाचा फोटो कळवा, फोटो कळवल्याचं कळवा.

गोंदिया जिल्ह्याचं नशीब तरी बरं म्हणायचं. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांत 2022नंतर कित्येक वर्षं प्रशासक बसले. इथे 2021चा डिसेंबर आणि 2022चा जानेवारी अशा दोन टप्प्यांत मतदान झालं. ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकज्ज्यात एका निवडणुकीचे दोन तुकडे झाले होते. निकाल जानेवारीत लागला, अध्यक्ष मात्र मे महिन्यात मिळाला. मधले महिने 53 निवडून आलेले सदस्य काय करत होते? जी पोरं पटावर असून वर्गात नसतात, तेच.

अमेरिकेत म्हणे शाळांसाठी वेगळी निवडणूक होते. गावातलं शाळा मंडळ, त्याला बहुतेक ठिकाणी स्वतःचा घरपट्टीतला वाटा, आणि ते मंडळच आपला मुख्य अधिकारी नेमतं. नळ गळला की लोक त्याच मंडळाच्या बैठकीत उभे राहून विचारतात. तोटा असा की श्रीमंत वस्तीच्या शाळेला पोहण्याचा तलाव आणि गरीब वस्तीच्या शाळेला ओलीची भिंत. आपल्याकडे तो अन्याय नाही. आपली ओल समान वाटपाची आहे. आणि कुडव्यात असं मंडळ आलंच, तर शाळेआधी पॅनेल उभी राहतील, हेही खरं. तरी विचारायला एक दार असेल. आज दारं इतकी आहेत की माणूस कुठलं वाजवू म्हणून घरी जातो.

दुरून कारभार केल्यावर काय होतं, त्याचा प्रयोग राज्याने गणवेशावर करून पाहिलाच. आधी समितीकडे दोन गणवेशांचे 600 रुपये यायचे, गावातला शिंपी शिवून द्यायचा, माप चुकलं तर त्याच संध्याकाळी भांडता यायचं. 2024-25ला 'एक राज्य, एक गणवेश' आलं. कापड राज्याने घ्यायचं, शिलाई बचत गटांनी करायची आणि तिला 100 रुपये, वर किरकोळ खर्चाला 10. शाळा जूनमध्ये भरल्या. पंधरा ऑगस्टला राज्यभर कितीतरी पोरांनी झेंडावंदन जुन्याच कपड्यांत केलं, आणि नवे आले ते कुणाला ढगळ, कुणाला आखूड. डिसेंबरात सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून काम पुन्हा समितीकडे दिलं. एका कोऱ्या सदऱ्यासाठी राज्याने अख्खं वर्ष घालवलं. पण समितीला शिंप्याचं माप घेता येतं, हे त्यातून सिद्ध झालं.

शाळेत समित्या इतक्या झाल्या होत्या की 2025च्या एप्रिलात शासनाने त्या एकमेकींत विलीन करून चारवर आणल्या. मुख्याध्यापकांनी नक्कीच पेढे वाटले असतील, अर्थात मर्यादा आली असेल तर.

मग शिक्षक. ते किती, हे पोरांवर ठरत नाही, संचमान्यतेवर, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांवर ठरतं, आणि संचमान्यता आधारवर. पोरगी समोर बसली आहे, नाक पुसते आहे, सतराचा पाढा म्हणते आहे. पण तिचं आधार मामाच्या घरी बालाघाटात निघालं, तिथे बिसेनचं बिसने झालं, तर सरकारी पोर्टलच्या मते ती अजून जन्मायची आहे. अशी चार-पाच पोरं अजन्मी राहिली की एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. शिवाय 15 मार्च 2024च्या निर्णयाने सहावी ते आठवीचा पट 20च्या आत असेल तिथे शिक्षकाचं पदच ठेवलं नाही. कुडव्याला याची झळ कमी, कारण गोंदिया उशाशी आहे आणि बदलीच्या अर्जात अशा गावांवर उड्या पडतात. कुडव्याचा गुरुजी घरून डबा घेऊन येतो; सालेकसा-देवरीच्या जंगलातल्या शाळेचा गुरुजी बदलीचा अर्ज घेऊन झोपतो. 2023ला राज्याने 20च्या आतल्या पटाच्या 14,783 शाळा मोजल्या आणि 'समूह शाळे'ची टूम काढली. तोरणमाळ आणि पानशेतची उदाहरणं दिली. पोरांना गाडीने दूरच्या मोठ्या शाळेत न्यायचं. कल्पना वाईट नाही, गाडी वेळेवर आली तर. पण हीच गाडी समग्रच्या मर्यादेवर चालणार असेल तर ती मार्चमध्ये येईल, तेव्हा जपून.

कामगिरीचं काय? परीक्षांची कमतरता नाही. 2017 आणि 2021ला राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, 2024च्या 4 डिसेंबरला 'परख', मधल्या काळात पायाभूत चाचणी, संकलित चाचणी, शिवाय 'निपुण भारत'चं लक्ष्य: 2026-27पर्यंत तिसरीच्या प्रत्येक पोराला वाचता आणि हिशेब करता आला पाहिजे. रोग्याला दर तासाला थर्मामीटर लावायचा आणि गोळी मार्चमध्ये द्यायची, असा हा दवाखाना. निकाल कमी आला की खुलासा मुख्याध्यापकाला मागतात. त्याचा शिक्षक पोर्टलने नेलेला, खर्चाची मर्यादा परत गेलेली, पालक रोवणीला गेलेले. बिचारा लिहितो: 'यापुढे दक्षता घेण्यात येईल.'

आणि लोक? ज्यांना जमतं त्यांची पोरं सकाळी व्हॅनमध्ये कोंबून गोंदियाच्या इंग्रजी शाळेत जातात. फी भरता येत नाही त्यांना शिक्षण हक्काच्या 25 टक्के जागा होत्या. 2024च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने त्या जागा द्यायची गरज नाही. शेजारी आमची शाळा आहे ना, तिथे जा. आपल्या शाळेबद्दल सरकारला इतका अभिमान आयुष्यात पहिल्यांदा वाटला, आणि उच्च न्यायालयाला तो पटला नाही. मे महिन्यात स्थगिती, जुलैत नियम रद्द. हा अभिमान साहेबांच्या स्वतःच्या पोरांच्या दाखल्यापर्यंत का पोचत नाही, हे कोर्टाने विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

माझी मागणी छोटी आहे. अनुदान जूनच्या पहिल्या आठवड्यात द्या, एकरकमी, कुठल्या शीर्षाखाली किती हे न सांगता, आणि समितीने केलेला खर्च शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर खडूने लिहा. अधिकारी म्हणतील, गावात पैसे खाल्ले जातील. जातील की, कुठे कुठे. पण खाणारा संध्याकाळी पानठेल्यावर भेटेल, आणि त्याच्या पोराची आई माझ्या पोराच्या आईबरोबर रोवणीला असेल. हिशेब तिथेच होईल. 2024चं कापड उशिरा का आलं, हे विचारायला कुडव्याच्या माणसाने मुंबईत कोणत्या ठेल्यावर जायचं?