लाल तितकं तिखट?

धर्माबादच्या मिरची बाजारात शिरलं की आधी शिंक येते, मिरची मागाहून दिसते. ढिगाशेजारी देठ खुडत बसलेल्या बायांना काही होत नाही. ठसका लागतो तो आमच्यासारख्या संख्याशास्त्राच्या मास्तरांना. डोळे पुसत मी ओळखीच्या अडत्याला विचारलं, "जितकी लाल तितकी तिखट, हे खरं का हो?"

"का? तपासायलाव की काय, सर?"

तपासायचं म्हणजे कार्ल पिअर्सनच्या १८९६ च्या सूत्रानं सहसंबंध गुणांक काढायचा. अधिक १ आला तर रंग आणि तिखट एका रेषेत चढतात. उणे १ आला तर एक चढताना दुसरं उतरतं. शून्य आला तर सरळ रेषेचं नाव काढू नये.

अडत्यानं दोन मिरच्या पुढं केल्या. "करा मग!"

दोन मिरच्यांवर गुणांक एकच येणार, अधिक नाही तर उणे. दोन ठिपक्यांतून रेष जाणारच. त्यानं तिसरी दिली. तीन मिरच्यांत ०.९९ आला तरी पाच टक्के पातळीवर योगायोगाची शंका फिटत नाही, तिथं ०.९९७ लागतो. दहा असतील तर ०.६३२ वर भागतं.

"म्हणजे माल वाढला की अट सैल!" अडत्या म्हणाला. एवढंच पोरांच्या गळी उतरवायला मला अख्खं सत्र लागतं.

राहिलं तिखट मोजणं. स्कोव्हिलनं १९१२ मध्ये मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत नेला, चाखणाऱ्याला तिखट लागेनासं होईपर्यंत. मी घरी चाखणारे मागितले, तर सगळ्यांना एकदम कामं आठवली.

अडत्यानं मात्र बसल्या जागी निकाल दिला. "ब्याडगी बघा. रंगाला एक नंबर, तिखटाला बेताची. तेजा घ्या, ब्रह्मांड आठवतंय." शास्त्रही तेच सांगतं: लाली कॅप्सॅन्थिनची, जाळ कॅप्सेसीनचा. दोघं राहतात एका सालीआड, पण चूल वेगळी.

घरी येऊन मी बायकोला पुढचा धडा दिला. "भाजीत मिरची नसली की पाहुणा गप्प, बेताची असली की कौतुक, जास्त झाली की पुन्हा गप्प. गुणांक काढला तर शून्याच्या आसपास येईल."

"म्हणजे माझ्या मिरचीचा आणि कौतुकाचा संबंधच नाही म्हणता?"

"सरळ रेषेतला नाही," मी घाईनं जोडलं. तोवर झारा माझ्या हातात आला होता.