पंचवीस वर्षं बिनघोर!

गच्चीवर सोलर बसवू म्हणणाऱ्या मध्यमवर्गीयाच्या घरी जो तरुण येतो, तो विजेचं बिल मागत नाही. आधी कोटेशन पुढे सरकवतो. त्यावर लाल ठसठशीत अक्षरं : 25 वर्षांची वॉरंटी. खाली फर्मचा पत्ता. त्या गाळ्यात गेल्या दिवाळीपर्यंत मोबाईलची कव्हरं मिळायची.

वॉरंटी कसली, हे विचारायचं नसतं. विचारलंच तर कळतं की पॅनलमध्ये दोष निघाला तर त्याची वॉरंटी वेगळी, इन्व्हर्टरची त्याहून वेगळी आणि आखूड. पंचवीस वर्षं आहेत ती ‘परफॉर्मन्स’ची. म्हणजे पंचविसाव्या वर्षीही पॅनलची ऐंशी टक्के ताकद शाबूत असेल, असा शब्द. पॅनलचे हप्ते फेडणाऱ्याची तेव्हा किती टक्के उरलेली असेल, तो रकाना कोटेशनात नाही.

बरं, नाही राहिली ताकद, तर सिद्ध कोणी करायचं? ही ताकद मोजतात प्रयोगशाळेत, पॅनलमधल्या सेलचं तापमान 25 अंश ठेवून. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो; गच्चीवरचं पॅनल साठ-पासष्टपर्यंत तापतं आणि पंचविसाच्या वर दर अंशाला एक टक्क्याचा साधारण तिसरा हिस्सा वीज घटते. तुम्ही तक्रार केलीत की उत्तर तयार, ‘काका, ऊन फार आहे.’ सोलरला ऊन फार झालं! तेव्हा वॉरंटी वसूल करायची तर वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी पॅनल उतरवा, गोणपाटात बांधा आणि 25 अंशांची खोली शोधत हिंडा. सोबत मूळ पावती हवीच. ती छापलेली असते बसच्या तिकिटासारख्या गुळगुळीत कागदावर, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात कोरी होते. आधी तारीख उडते, मग रक्कम, शेवटी सही. ती कोरी चिठ्ठी घेऊन काका गाळ्यावर जातील, तेव्हा तिथे पाणीपुरी मिळत असेल. मालक सज्जन असला तर एक सुकी पुरी फुकट देईल.

एवढी लांबची दृष्टी असलेल्या या सोलरवाल्याला जवळचं मात्र दिसत नाही. दोन पंखे, फ्रिज, टीव्ही, महिन्याला शंभरेक युनिट, एवढ्या घराला 1 किलोवॉट पुरतं. ते दिवसाला चारेक युनिट देतं. तरी गळ्यात मारायचे 3, कारण अनुदान 1 ला 30 हजार आणि 3 ला 78 हजार. वरचे पैसे कोणाच्या खिशातून जातात? पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर कुठे पडते, हे बघायला एकही पठ्ठ्या जिना चढत नाही. साध्या जोडणीत एका पॅनलवर सावली आली की त्याच ओळीतल्या बाकीच्यांचीही वीज घसरते, हे काय त्यांना ठाऊक नाही? आणि भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, लाईट गेली की बिनबॅटरीचं हे अख्खं सोलरही बंद! तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून ते बंद पडतं, पडायलाच हवं. पण हे गिऱ्हाइकाला ॲडव्हान्स घेण्याआधी सांगायला यांची काय जीभ झिजते?